हनुवटीमास्तरांचं पांढरं झाड

माणसांची तोंडं बघून बघून हनुवटीमास्तरांना वीट आला होता. उभा जन्म ओळखपत्राचे फोटो काढण्यात गेला. "हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका," एवढंच बोलत राहिल्यामुळे हे नाव चिकटलं. गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा कधी पसंत नसायचा. डाग पुसा, तीळ घालवा, जरा उजळ करा. मास्तर पुसून द्यायचे आणि मनात म्हणायचे, घ्या, मिरवा! घरच्यांचीही सुटका नव्हती. बायकोच्या गालावर टपोरा तीळ होता. तोही त्यांनी प्रत्येक फोटोतून, तिला न विचारता, साफ केलेला.

स्टुडिओ विकला आणि त्यांनी जाहीर केलं, आता फक्त झाडं. तीही साधी नाहीत, इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत टिपलेली! जुन्या कॅमेऱ्यातली ते किरण अडवणारी काच काढून घेतली, पुढे काळपट लाल फिल्टर चढवला. पहिले फोटो आले नुसते लालभडक आणि मेंगळट. येणारच! हा स्टुडिओवाला सवयीने सावलीतला मऊ उजेड शोधत बसलेला, आणि इथे हवं टळटळीत ऊन. शिवाय गवत हेच पांढरं, असं कॅमेऱ्याला आधी शिकवावं लागतं. ते जमलं आणि एका दुपारी पानं दुधासारखी उमटली, वर आकाश काळंभोर. झालं, मास्तरांचे पाय जमिनीला लागेनात. मावळत्या सूर्यापुढे मोबाइल धरलेलं कोणी दिसलं की म्हणायचे, "माकडं लेकाची!"

अशातच बायकोच्या गालावरचा तो तीळ वाढायला लागला. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. आदल्या दिवशी बायको अंगणात आली.

"त्याच्यासकट माझा एक फोटो काढा. आईच्या गालावरही इथेच होता. मोबाइलवर नको, तुमच्या हातचा हवा."

"चेहरे मी सोडलेत."

"माझाही?"

मास्तरांनी नाक मुरडलं. मग मोठी मेहेरबानी केल्यासारखं तिला भर उन्हात झाडाखाली उभं केलं. झाड केवढं आहे ते तरी कळेल, हा त्यांचा विचार! तिने घाम पुसला आणि तोच गाल पुढे केला.

"हनुवटी वर," मास्तर म्हणाले. फोटो काढून झाल्यावर स्क्रीनवर त्यांनी पानं तेवढी तपासली.

तीळ गेला, घोर मिटला. गालाला पट्टी लावून ती घरी आली आणि पहिलं काय मागितलं, तर तो फोटो. मास्तरांनी ऐटीत संगणक उघडला. झाड अप्रतिम! खाली एक बाई, मेणाच्या तोंडाची. गाल कोरा. या किरणांत कातडीवरचे डाग, तीळ दिसेनासे होतात, हे मास्तरांनी वाचलं होतं. वाचून हसलेही होते, नटव्यांची सोय झाली म्हणून.

तिने फोटो बघितला. "झाड छान आलंय," ती म्हणाली.

"अगं, जुन्यात असेल ना एखादा," म्हणत मास्तर कपाटाकडे धावले.

"शोधा," पट्टीमुळे ती अर्ध्याच तोंडाने हसली. "डॉक्टरांना उगाच टाके घालावे लागले. तुम्ही तर इतकी वर्षं हेच करत आलात, रक्ताचा थेंब न सांडता."

मास्तर अल्बम उलटत राहिले. पानोपानी तोच स्वच्छ गाल, त्यांच्याच हातचा.