मान डोलवणाऱ्या बाहुल्यांचं दुकान

दोष अंगावर ओढून घेण्याची हौस आमच्या घरमालकांइतकी मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. नोकरीसाठी चेन्नईतल्या अंबत्तूरला आलो आणि त्यांच्या माडीवर राहू लागलो, तेव्हा वीज गेली तरी हे गृहस्थ जिना चढून माफी मागायला यायचे. माझी बस चुकली की, "मीच तुला बोलत ठेवलों," म्हणून दिवसभर हळहळायचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात मुरलेलं. बोलण्यात निम्मं तमिळ, पण माफी मात्र अस्सल मराठीत.

खालच्या खोलीत ते कागदाच्या लगद्याच्या, मान डोलवणाऱ्या बाहुल्या करत आणि एका साइटवरून परदेशात विकत. गिऱ्हाइकं बहुतेक युरोपातली. चेहरे काकू रंगवायच्या आणि त्यांचा हट्ट असा, की एकदा काढलेला चेहरा पुन्हा काढायचा नाही. एक बाहुली कोपऱ्यावरच्या भाजीवालीसारखी, दुसरी बँकेतल्या खडूस बाईसारखी. एकदा तर मीसुद्धा घागरा नेसून जर्मनीला गेलो. प्रत्येक डब्यात काकांची चिठ्ठी असे: 'मोडली तर चूक माझी. साइटवर कळवा.' लोक खरंच कळवायचे, आणि काका मोडक्या इंग्रजीत त्यांच्या नातवंडांची चौकशी करत बसायचे.

मग युरोपातला नियम आला. बाहेरून येणाऱ्या खेळण्याला तिथला पत्ता असलेला जबाबदार माणूस हवा, शिवाय तपासणीची कागदपत्रं. काकांना हे उमगेचना. "जबाबदार मी आहें की रे! डब्यावर माझं नाव आहे. अजून काय पाहिजे?" शेवटी मी तिथला एक एजंट शोधला. तो तयार झाला, पण एका अटीवर: तपासलेली बाहुली आणि विकायची बाहुली हुबेहूब एकसारखी हवी. काकूंनी जिवापाड प्रयत्न केला. पहिली हसरी झाली, दुसरी जराशी रुसलेली, तिसरी थेट त्यांच्या वारलेल्या बहिणीवर गेली. "अस्कं, सगळंच वेगळं येतें रे. हात ऐकत नाही," म्हणाल्या आणि कुंचला धुऊन ठेवला. मला त्या नियमाचा संताप आला, पण तो चूक आहे असं छातीठोकपणे म्हणताही येईना. पोरं खेळणी तोंडात घालतातच.

नियम लागू होण्याची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी काकांनी मला खाली बोलावलं. दुकानाच्या पानावरून मी युरोपातला एकेक देश काढत गेलो आणि ते शेजारी बसून तिथली गिऱ्हाइकं आठवत राहिले. फ्रान्सला म्हणाले, "ती सांधेदुखीवाली बाई." हॉलंडला नुसतेच हसले. शेवटचा देश काढल्यावर चष्मा पुसून पडद्याकडे वाकले.

"आतां त्यांनी आपलं दुकान शोधलं, तर काय दिसेल?"

"काहीच नाही, काका. दुकानच दिसणार नाही."

"बंद जालं म्हणून पाटी तरी?"

"तशी सोय नाही. निरोपही जाणार नाही."

"अय्यो," ते हळूच म्हणाले, "मग त्यांना वाटेल, म्हातारा मेला."