भंगाराच्या लॉटमध्ये दिसलेलं मीठ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. आमच्या मंडणगडकडे राखणदार, चकवा सगळं मानतात. मी मात्र लहानपणीसुद्धा हसायचे आणि शिव्या खायचे. या पानावर लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतानाही मनात म्हणायचे, यांची झोप झाली नसेल... आता स्वतःचाच लिहायला बसले आहे. नववीत शाळा सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

मी खामगावला असते. इथल्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमचं भंगार वितळवून पंपाचे भाग ओतणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे कामाला. खरं तर आले होते कापडाच्या दुकानातल्या नोकरीसाठी. ते दुकान बंद पडलं आणि परत जावं असं घर तिकडे उरलं नव्हतं. तेव्हा डबे करून देणाऱ्या वच्छलाकाकूंनी मला आपल्या स्वयंपाकघराशेजारची खोली दिली. त्यांचे यजमान दादारावकाका याच कारखान्यात भट्टीवर होते. ते शेठजींना एवढंच म्हणाले, "पोरगी चांगली हाये, ठेवून घ्या." तेवढ्यावर मला काम मिळालं. दोघंही मूळचे डोणगावचे, मला 'कोकणबाई' म्हणायचे. त्यांनी हात दिला नसता तर मी कुठे असते, हा विचार मी आजही पुढे जाऊ देत नाही.

माझं काम गनवर. ड्रिल मशीनसारखी दिसते. तुकड्याला टेकवून बटण दाबलं की लेसर सुटतो, टिक् आवाज होतो आणि धातूचा कणभर भाग इतका तापतो की त्याची ठिणगी होते. प्रत्येक मूलद्रव्याची ठिणगी आपल्या वेगळ्या रंगांनी चमकते. गन ते रंग ओळखते आणि स्क्रीनवर दाखवते – ॲल्युमिनियम किती, सिलिकॉन किती, मॅग्नेशियम किती. तुकड्यावर राहतो फक्त एक बारीक करडा ठिपका. गनने पास केलेलाच लॉट भट्टीत जायचा, असा नियम. गन शिकवायला आलेल्या इंजिनिअरने आणखी एक सांगून ठेवलं होतं – सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम एकत्र दिसले तर घाबरू नका, कुणाचा तरी घामाचा हात लागलेला असतो. कानसेने घासा, परत मारा, जातं.

आणि जायचंच. रोज.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर दोन लॉट समोर होते. दोन्ही खिडक्यांच्या फ्रेमचे कापलेले तुकडे, दिसायला अगदी सारखे. पहिल्या लॉटवर गन मारली – ती तिन्ही. घासलं, परत मारली, तीच. दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला... सगळ्यांत तेच. मग एक तुकडा आरीने कापला आणि आतल्या कोऱ्या धातूवर मारली. तिथे तर कुणाचा हात लागणं शक्यच नव्हतं. तिथे ते आकडे आणखी वाढले. ॲल्युमिनियम खाली आणि माणसाच्या अंगातलं मीठ वर. गन बिघडली असेल म्हणून तिच्यासोबत आलेल्या तपासणीच्या चकतीवर मारली, तर आकडे बरोबर. दुसऱ्या लॉटवर मारली, तर स्वच्छ.

काका बघायला आले. "काय दिसून राह्यलं वं?"

"मीठ. घामाचं. कापून बघितलं काका, आतसुद्धा आहे."

काका हसले. "हिले इकडं मासे भेटत नाही, म्हणून आता भंगारात मीठ दिसून राह्यलं!"

तेवढ्यात शेठजी आले. "काऊन थांबलं? भट्टी तापून बसली अन् ही घासतच बसली? अरे, ते ॲल्युमिनियमच हाये, दिसत नाही का?"

नोकरी गेली तर जायचं कुठे? तरी म्हणाले, "हा लॉट नका टाकू." का ते मला सांगता येईना. मशीन पास करत नव्हतं, एवढंच तोंडात आलं.

काका शेठजींकडे वळले. "नाही म्हणते तं नाही. दुसरा टाकतो ना मी. काय फरक पडते?" मग माझ्याकडे बघून, "रडू नको वं कोकणबाई."

दुसरा लॉट मीच पास केला होता. तो भट्टीत गेला.

मी पाठमोरी होते, हातात कानस होती. आवाज झाला तेव्हा आधी वाटलं, छताचा पत्राच खाली आला. वळले तर काका खाली होते... पुढचं लिहीत नाही. अकोल्याला नेता नेता वाटेतच गेले.

चौकशीला आलेल्या साहेबांनी सांगितलं, एखादा पोकळ तुकडा दोन्ही टोकांना चेपून बंद झालेला असणार आणि आत पाणी अडकलेलं असणार. तसा तुकडा वितळलेल्या धातूत गेला की स्फोटच होतो. आतलं पाणी गनला दिसत नाही. हे सगळं मला समजतं. याला कारण आहे.

कारण नाही ते पुढच्याला. बाजूला ठेवलेला लॉट तसाच कोपऱ्यात होता. कारखाना परत सुरू झाल्यावर मी एकेका तुकड्यावर गन मारली, आरीने कापलेल्यावरसुद्धा. स्वच्छ. इंजिनिअरला बोलावलं, त्यानेही मारली. स्वच्छ. भट्टीतून उडून जमिनीवर थिजलेल्या धातूवर मी एकटीने, कुणाला न सांगता मारून पाहिली. तोही स्वच्छ. जे काकांच्या अंगावर आलं त्यात काहीच दिसलं नाही. आणि जे भट्टीत गेलंच नाही, त्यात तेवढ्या एका दुपारी माणूस दिसला.

इशारा होता म्हणावं, तर चुकीच्या ढिगावर का? आणि मी तो लॉट थांबवला नसता तर...?

काकूंनी मला खोली सोडू दिली नाही. परवा संध्याकाळची वंदना झाली, त्यांनी दोघींची ताटं वाढली आणि पहिल्यांदाच विचारलं, "काऊन थांबवला होता वं तू तो लॉट?" आवाजात राग नव्हता. मी म्हटलं, "काकू, मशीनमध्ये दिसलं."

"मंग दुसऱ्यात काऊन नाही दिसलं?"

काकूंनी माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "जेव."

वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा गनवर काम करत असेल, कुणाला काही माहीत असेल, तर सांगा. माझं समाधान नाही झालं तरी चालेल... काकूंना मात्र काहीतरी सांगायला हवं.