खिरीतलं दूध

१८ नोव्हेंबर १९९४, शुक्रवार. मी बाळाचे लंगोट धूत होते. वाशीला भावाच्या घरी पाणी सकाळीच येऊन जायचं. तेवढ्यात बादल्या भरून कपडे उरकावे लागत. मी मदतीला आल्यापासून हे काम माझ्याकडे होतं. भावजयीला आई नाही, त्यामुळे तिचं बाळंतपण सासरीच, माझ्या आईच्या हाताखाली चाललं होतं.

एका लंगोटावर हिरवट, बुळबुळीत शी होती आणि तीत लाल दोरा दिसला. कापडाचा असेल म्हणून ओढायला गेले, तर तो बोटाखाली पसरला.

बाळ दीड महिन्याचं होतं. दिवे लागायच्या सुमाराला पाय पोटाशी घेऊन रडायला लागायचं ते काळंनिळं पडेपर्यंत. आईचं निदान ठरलेलं होतं: बाळंतिणीने काहीतरी वातूळ खाल्लं. मग ते ताटातून जायचं. आधी कोबी आणि वाल गेले, मग तूरडाळ, मग बटाटासुद्धा. जे जाईल त्याच्या जागी आई दूध वाढवायची. दूधभात, दुधातली अळिवाची खीर, वर पेलाभर हळदीचं दूध. बाईने दूध प्यायलं की तिला दूध येतं, एवढं साधं होतं ते तिच्या लेखी. ताट पांढरं होत गेलं आणि रडणं वाढत गेलं.

"आई, आता ताटच खायचं उरलंय," भावजय एकदा म्हणाली.

"तोंड चालवण्यापेक्षा पेला रिकामा कर."

तो लंगोट मी न धुता पिशवीत घातला आणि आईला सांगितलं, शीतून रक्त जातंय.

"उष्णता झाली असेल."

"आम्ही डॉक्टरकडे निघालोय. यायचं असेल तर चपला घाल."

ती आली. डॉक्टरीणबाईंनी लंगोट पाहिला, बाळाचं पोट दाबून पाहिलं, वजन केलं. मागच्या वेळेपेक्षा काटा जेमतेम हलला होता. मग भावजयीला दिवसभराचं खाणं विचारलं. ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दूध बंद करा."

"बाळाचं?" आईने विचारलं.

"नाही, हिचं. अंगावर पाजायचं चालूच ठेवायचं. पण हिच्या पोटात गाईम्हशीचं दूध नको. दही, खवा, चहातलंसुद्धा नको. ते बाळाला बाधतंय, असं मला वाटतं."

"मग हिला दूध यायचं कुठून?"

"गाईला कोण दूध पाजतं, आजी?"

भावजय हसली. आई हसली नाही. डॉक्टरीणबाईही लगेच गंभीर झाल्या. फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतील, म्हणाल्या. त्याआधी रक्त वाढलं किंवा बाळ ओढेनासं झालं, तर वाट न बघता आणायचं.

संध्याकाळी बाळ रडलं, पण लवकर थांबलं. आई म्हणाली, बघ, शांत झालं. मला ते शांत होणं आवडलं नाही. बाळ दमलं होतं. तोंडाशी धरलं तरी दोन घोट घेऊन मान फिरवत होतं.

मी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर रिकामी वाटी होती, तळाला अळीव चिकटलेले.

"खीर दिलीस?"

"खीर दिली. दूध कुठे दिलं?" आई शांतपणे म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. खीर तिच्या लेखी औषध होती.

भावजयीने खाली बघितलं. "नाही म्हटलं असतं तर त्या जेवल्या नसत्या, ताई."

रात्री बाळ पुन्हा नीट ओढायला लागलं, म्हणून तेवढ्यापुरता दवाखाना टळला. दुसऱ्या दिवशी आई उठायच्या आत मी दाराला अडकवलेल्या दुधाच्या पिशव्या काढल्या आणि शेजारच्या घरी देऊन आले. मग तांदळाच्या भाकऱ्या केल्या, मुगाचं वरण केलं, बटाट्याची भाजी केली आणि भावजयीला समोर बसवून वाढलं. आई दारात येऊन उभी राहिली.

"लेकराला काही झालं तर तुझ्या माथी."

"बरं," मी म्हटलं आणि भावजयीच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.