मिनुएट संपतो कुठे

बायको सेहेचाळिसाव्या वर्षी पियानो शिकायला लागली, तेव्हा मी चारचौघांत तिचं कौतुक केलं आणि मनातल्या मनात तिच्यावर पहारा बसवला. मुलगी पुण्याला शिकायला गेली होती, घर सुनं झालं होतं, हिला काहीतरी करायचं होतं. इतकं साधं होतं ते. मला मात्र ते साधं दिसत नव्हतं.

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. विधुर. शरणपूर रोडच्या मागे एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहायचे. शनिवारी क्लासहून परतली की हिच्या तोंडी नवे इटालियन शब्द असत. पिठलं ढवळताना म्हणायची, "आदाजिओ, सावकाश." मी गाडी जोरात काढली की, "अहो, अलेग्रो पुरे, एवढं सुसाट प्रेस्तो नको." आणि हसायची. हे हसू मला ओळखीचं नव्हतं. त्या क्लासात हसण्यासारखं असतं तरी काय?

मी गुपचूप मोबाइलवरून ते शब्द पाठ केले. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारायचो, "लार्गो म्हणजेही सावकाशच ना, मग त्याच्यात आणि आदाजिओत फरक काय गं?" ती नीट सांगायची. मग वाटायचं, हिनेही मोबाइलवरच वाचलं असेल. संशयी माणसाला बरोबर उत्तरही पुरत नाही.

एका शनिवारी, पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवर द्राक्षांची गाडी भरायची आहे असं सांगून मी निघालो. द्वारका चौकातून मागे फिरलो आणि बेकरीसमोर गाडी लावून काच खाली केली. वरून पियानो ऐकू येत होता. आधी तीन मात्रांची एक ठुमकती धून, मग वेगळीच, जरा उदास, मग पुन्हा पहिलीच. तिथे वाजवणं थांबलं. थोडं बोलणं झालं आणि दोघं मोठ्याने हसले.

मी मुद्दाम उशिरा घरी गेलो.

"भरली का गाडी?" तिने विचारलं.

"भरली."

"आज माझा मिनुएट शेवटपर्यंत झाला. कुठे अडखळले नाही."

"खोटं कशाला बोलतेस?" माझ्या तोंडून निघून गेलं. "पहिलाच भाग पुन्हा वाजवून थांबलीस की."

तिने हात पुसले आणि घरी सरावासाठी घेतलेल्या कीबोर्डवरची नोटेशनची पानं माझ्यासमोर धरली. "मिनुएट असाच असतो. पहिला भाग, मग हा मधला, त्रिओ. त्याच्याखाली काय छापलंय बघा. दा कापो अल फिने. पुन्हा सुरुवातीपासून वाजवा आणि फिने लिहिलंय तिथे संपवा. ते फिने इथे आहे, पहिल्या पानावर."

आपली बंदिशही अंतरा झाला की मुखड्यावर परत येते. गाणं ऐकतच मोठा झालो मी, पण गवई फसवतोय असं कधी मनातही आलं नव्हतं.

तिने पानं मिटली. "आता तुम्ही सांगा. मी कुठे थांबले ते पिंपळगावात ऐकू आलं?"

मी बेकरीचं सांगितलं. तिने पानं पुन्हा कीबोर्डवर ठेवली.

"मी न सांगितलेले शब्दही तुम्ही विचारायचात, तेव्हा मला वाटलं तुम्हालाही गोडी लागली," ती म्हणाली. "आज सरांना तेच सांगत होते. आमचे हे चोरून पाठांतर करतात म्हणून. त्यावरच हसलो आम्ही."

मी माफी मागितली. "बरं," एवढंच म्हणाली.

क्लास तिने सोडला नाही. आता मी न विचारताच ती निघताना किती वाजता परत येणार ते सांगते, आणि पोहोचली की तिथून फोन करते. नको म्हटलं तरी करते. घरी सराव करताना कानाला हेडफोन लावते. मी बाहेरच्या खोलीत बसतो. ऐकू येते ती फक्त पट्ट्यांची टकटक. त्यावरून ती कुठल्या भागात आहे हे मला ओळखता येत नाही. परवा वाजवता वाजवता ती एकटीच हसली. कशाला, ते विचारायचा माझा धीर झाला नाही.