हिंगणीच्या वाटेवरची हॉल्ट परेड

सर्व्हिसच्या शेवटच्या काळात माझी पोस्टिंग नागपूरच्या एका ट्रान्सपोर्ट युनिटला झाली. मी हवालदार, ट्रेड ड्रायव्हर. गाव नाचणगाव. सगळी नोकरी बर्फात आणि वाळूत गेली होती, त्यामुळे आपल्या मुलखात गाडी चालवायला मिळणार म्हणून मी जाम खूश होतो. उन्हाळा आपला, भाषा आपली, रस्ते आपले. पण ह्याच रस्त्यावर मला माझ्याच माणसाला घरी पोचवायचं होतं, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

आता मी पिपरी मेघेत राहतो. कार काढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारतो, खाली वाकून बघतो, टाकीचं झाकण हातानं चाचपतो. शेजारी हसतात. एकानं विचारलं, "काऊन जी हवालदारसाहेब, गाडीले प्रदक्षिणा घालून राह्यले का?" म्हटलं, हो बाबा, घालतो. तूही घाल, काही झिजत नाहीस.

फौजेत ह्याला परेड म्हणतात. सकाळी गाडी चालू करण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, संध्याकाळी लास्ट परेड. हॉल्ट परेड म्हणजे काय, तर थांबलेल्या गाडीला परत किल्ली लावण्याआधी ड्रायव्हरनं खाली उतरून सगळं बघायचं. टायर, तेल, पाणी, गळती, टाकीचं झाकण. दोन मिनिटं थांबला असाल तरी बघायचं. जनरलसाहेब गाडीत बसलेले असले तरी बघायचं.

नायक देवराव कुमरे उंचावरच्या पोस्टिंगला माझा को-ड्रायव्हर होता. हिंगणीच्या पुढचा, बोरच्या जंगलालगतच्या एका छोट्या वस्तीतला. घरात गोंडी बोलायचा, माझ्याशी वऱ्हाडी. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "उस्ताद, आताच त गाडी पाह्यली. पाच मिन्टांत ते कोठी पळून जाते काय?" मी त्याला गाडीभोवती दहा चकरा मारायला लावल्या. हसत हसत मारल्या लेकाच्यानं. पुढं मात्र असा तयार झाला, की मी विसरलो तर तोच दार उघडून खाली उतरायचा. तसा ड्रायव्हर मला पुन्हा मिळाला नाही.

मी नागपूरला आलो, तो तिकडेच राहिला. एका दरडीत पुढची गाडी अडकली. देवराव आपली गाडी सुरक्षित लावून पुढच्यांना काढायला गेला. दोघांना काढलं. तिसऱ्याला काढताना वरून परत दरड आली.

एका संध्याकाळी सुभेदारसाहेबांनी बोलावलं. "वानखडे, कल एअरपोर्ट से पार्थिव लेके हिंगणी साइड जाना है. तेरा इलाका है. गाडी तू चलाएगा." मग त्यांनी नाव सांगितलं, देवरावचं. ते ऐकलं आणि मी "जी साहब" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बरॅकमध्ये येऊन गाडी धुवायला काढली. ढाई टन ट्रक, डिझेल. तशी स्वच्छच होती, तरी धुतली. हातांना काम पाहिजे होतं.

सकाळी निघालो. मी, शेजारी कॅप्टनसाहेब, मागं खांदा देणारे, बेअरर पार्टीचे जवान आणि तिरंग्यात देवराव. सेलू ओलांडेपर्यंत ठीक होतं. हिंगणीच्या रस्त्याला लागलो आणि मी चक्रावलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, डांबर पायाला चिकटतं. त्या डांबरावर लोकांनी चपला काढून ठेवल्या होत्या. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, शेतातून तसेच आलेले गडी. ज्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी. मी सव्वीस जानेवारीच्या परेडी पाहिल्या आहेत. पण छाती भरून येणं काय असतं ते मला त्या रस्त्यावर कळलं.

प्रत्येक गावात थांबावं लागे. प्रत्येक गाव हार घाली. हळूहळू माझा ट्रक झेंडूनं असा झाकला की खालचा हिरवा रंग दिसेना. दुपार कलल्यावर वस्तीच्या फाट्यावर पोचलो. इथून आत कच्चा रस्ता, चांगला तीनेक किलोमीटर. इथं सगळ्यात मोठी गर्दी होती आणि गर्दीच्या पुढं देवरावची माय उभी होती. बारीक, काळीसावळी, हिरवं लुगडं. तिच्या हातात सुपाच्या आडोशाला एक दिवा होता. त्यांच्या घरची रीत अशी, की बाहेरगावी गेलेल्याचा देह येतो तेव्हा घरातला दिवा पेटवून त्याला सामोरं जायचं आणि त्याच दिव्याच्या उजेडात त्याला घरात घ्यायचं. वाटेत तो विझू द्यायचा नाही. ती तीन किलोमीटर तो दिवा सांभाळत, उन्हातून, वाऱ्यातून चालत आली होती.

आम्ही उतरलो, सॅल्यूट केला. हार झाले. आजूबाजूच्या बायाही आरत्या, कापूर, उदबत्त्या घेऊन ट्रकला खेटून उभ्या होत्या. कॅप्टनसाहेबांनी घड्याळ बघितलं.

"वानखडे, चलो. अंधेरा होने से पहले सब होना चाहिए."

"साहब, हॉल्ट परेड."

"अभी?"

"जी साहब. अभी."

साहेब चिडले. मी डावीकडून फेरी सुरू केली. पुढचा टायर ठीक. टाकीपाशी आलो तर हारांच्या खालून थेंब पडत होते. डिझेल असं गळत नाही, ते तेलकट पसरतं. हे खाली पडत होतं आणि तापलेल्या मातीवर पडताच उडून जात होतं. बोट लावून वास घेतला. पेट्रोल!

"टाकीत कोणी काही टाकलं काय?" मी ओरडलो.

एक गृहस्थ पुढं आले. भाऊराव, त्या वस्तीचे किराणा दुकानदार. पांढरी टोपी, हातात रिकामी प्लॅस्टिकची कॅन, चेहऱ्यावर केवढा अभिमान. "म्या टाकलं ना साहेब. वस्तीनं ठरवलं का देवरावची गाडी शेवटाले आपल्याच गावच्या तेलावर चालली पाह्यजे. माह्या दुकानात फटफटीवाल्यांसाठी पेट्रोल राह्यते. डिझेल नोतं. पण मंग म्हटलं पेट्रोल त त्याहून चांगलंच, महागाचं. आपल्या जवानाले हलकं काऊन द्यावं?" काठोकाठ भरलं होतं त्यांनी, प्रेमानं. वरून सांडलं होतं आणि झाकणही नीट बसलं नव्हतं.

मी आधी झाकण घट्ट बसवलं.

डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं आणि तुम्ही किल्ली फिरवली, तर ते पंपात जातं. डिझेल त्या पंपाला वंगण देतं, पेट्रोल ते धुऊन काढतं. गाडी थोडी चालते आणि मग बसते ती बसतेच. पण ती गोष्ट नंतरची. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत लांब जाते आणि जिथं ज्योत भेटेल तिथून आग घेऊन परत येते. माझ्या टाकीभोवती पन्नासेक दिवे पेटलेले होते. वर देवराव होता. खाली त्याची सगळी वस्ती.

मी किल्ली काढून खिशात घातली. बॅटरीचा कट-ऑफ बंद केला आणि मागच्या जवानाला हाक दिली. "यादव, फायर एक्स्टिंग्विशर. साहब, पार्थिव नीचे उतारना पडेगा. टंकी में पेट्रोल है, लीक है."

साहेब तरुण होते, पण माणूस पक्का. एक शब्द न विचारता हुकूम दिला. बेअरर पार्टीनं देवरावला उतरवून वारा येत होता त्या अंगाला, मोहाच्या झाडाखाली नेलं. साहेब लांब जाऊन रेडिओवर बोलले, "कंट्रोल, मूव्ह रुका है. टेक्निकल. ओवर."

मी मडगार्डवर चढलो. "सगळे मांगं व्हा! दिवे, उदबत्त्या, बिड्या, सगळं इझवा. मोबाइलले हात लावू नका. गाडीत पेट्रोल सांडलं हाय!"

कोणी हललं नाही. आमच्याकडे अशा वेळी दिवा विझव म्हणणं म्हणजे अभद्रच. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सगळ्यांची नजर शेवटी माय जिथं उभी होती तिकडं गेली, कारण तिचा दिवा विझल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा विझणार नव्हता. मी खाली उतरलो. तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. देवरावच्या मायला मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

तिनंच विचारलं, "गाडी पेटन काय?"

"हाव माय. पेटू शकते."

तिनं एकदा मोहाच्या झाडाकडं बघितलं. लेकराशी बोलल्यासारखं गोंडीत काहीतरी हळू बोलली. मग दिव्यावर तळहात धरला आणि ज्योत विझवली. फुंकर मारली नाही. नुसता हात धरला.

त्यानंतर एकेक करत सगळे दिवे गेले. कोणी पदरानं, कोणी मातीनं. मी आयुष्यात पुष्कळ हुकूम पाळलेले पाहिले. असा पाळलेला पुन्हा पाहिला नाही.

चार माणसं पुढं आली. "साहेब, राहू द्या गाडी. आमी खांद्यावर नेतो त्याले."

माय म्हणाली, "नाई. माहा पोरगा डायवर होता. तो गाडीनंच घरी येईन."

झालं. मी शर्ट काढला आणि ट्रकखाली शिरलो. सांडलेल्या जागी यादवनं माती टाकली. टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग सैल केला. ट्रकमधले रिकामे लोखंडी जेरीकॅन जमिनीवर टेकवून, एकामागून एक भरले. प्लॅस्टिकची कॅन मी लांब ठेवायला लावली, प्लॅस्टिकवर स्थिर वीज साचते आणि एक ठिणगी पुरते. भरलेले कॅन जवानांनी शेताच्या पार पलीकडच्या बांधावर नेऊन ठेवले. भाऊराव डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे होते. "माह्याच्यानं चुकलं जी," एवढंच पुटपुटत होते. मी खालूनच म्हणालो, "भाऊराव, रडता काऊन? लोकाईले मांगं ठेवा. ते काम तुमचं." बिचारे जीव तोडून करत राहिले.

टाकी रिकामी झाली. आमच्याकडे रिझर्व्हचा डिझेलचा कॅन होता. त्यातलं थोडं ओतून टाकी धुतली, तेही काढलं, मग उरलेलं भरलं. पेट्रोल पडल्यावर इंजिन चालू केलं नव्हतं म्हणून पाइपात अजून निखळ डिझेलच होतं. ट्रक ढकलत सांडलेल्या जागेपासून लांब नेला. वाऱ्याला वेळ दिला. वास गेल्याची खात्री केली. पूर्ण फेरी पुन्हा मारली. देवराव परत आपल्या जागी आला.

न्यूट्रल. हँडब्रेक. कट-ऑफ चालू. किल्ली. मी देवाचं नाव फार घेत नाही. त्या दिवशी घेतलं. सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. गर्दीतून कोणीतरी "देवराव कुमरे" म्हणालं आणि त्या माळावर "अमर रहे" असं घुमलं. मी रडत होतो. साहेबही रडत होते. दोघांनीही समोर बघितलं.

कच्च्या रस्त्यानं पहिल्या गिअरमध्ये गेलो. माय ट्रकच्या पुढं चालत होती, विझलेला दिवा हातात धरून. कोणी तिला गाडीत बस म्हणालं नाही. सूर्य जंगलाच्या वर हातभर उरला होता तेव्हा घर आलं. जवानांनी देवरावला उतरवून दाराशी आणलं. मी ट्रक मागं घेतला, वळवला, वस्तीच्या पार टोकाला नेऊन बंद केला. चालत परत आलो.

सगळे थांबलेले होते. मला वाटलं, माझ्यासाठी कशाला थांबतील? पण माय उंबऱ्यात उभी होती. एका हातात दिवा, दुसऱ्यात काडीपेटी. ती कॅप्टनसाहेबांकडं बघत नव्हती, सरपंचाकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. विझवायचा हुकूम माझा होता ना.

"बापू," ती म्हणाली, "आता लावू काय?"

मान हलवून हो म्हटलं. मी टाचा जुळवल्या आणि नायक देवराव कुमरेला सॅल्यूट केला. तिनं काडी ओढली.