उजवी दाढ, डावी दाढ

दंतवैद्यकीच्या पहिल्याच वर्षी करोनामुळे कॉलेज बंद झालं आणि मी कोकणात, मसुऱ्याला घरी आले. वर्गाच्या ग्रुपवर नुसती रडारड, ऑनलाइन शिकून दातांचा डॉक्टर होतो का कधी? मी ठणकावून लिहायची, "का नाही होत? वर्गात सगळ्यांच्या डोक्यांमागून सरांचे हात दिसायचे तरी का? आता दाढ थेट नाकासमोर!" वर्षअखेरीला मेणाची दाढ कोरायची परीक्षा होती. ती गेली की वर्ष गेलं. पण मला कसली भीती?

नेटवर्क आमच्याकडे एकाच जागी यायचं, बाबांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात. एका खिडकीशी बाबा शाडूच्या मूर्ती घडवायचे, दुसऱ्या खिडकीशी मी मेणाचा ठोकळा कोरत बसायची. मोबाइलवर एका चौकोनात सरांच्या हातातली दाढ, शेजारच्या चौकोनात माझी. दोन्ही हुबेहूब दिसेपर्यंत मी हात थांबवायची नाही. सरांना बिचाऱ्यांना माझा चौकोन पोस्टाच्या तिकिटाएवढा. "छान, छान," म्हणून ते पुढे जायचे.

एकदा बाबा मातीचे हात पुसत मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"गो, ही उलटी झाली."

"उलटी खंय? दोनय सारखेच दिसतत."

"तुझ्या चौकोनात मोबाइल तुका आरसो दाखवता. माझ्याकडे शिकूक येणारो कधी समोर बसता काय? बाजूक बसता. समोर बसलो तर डावी सोंड उजवी करून ठेवतलो."

उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक सोवळं. तो चुकून कुणाच्या घरी गेला तर काय गहजब होईल, हे मलाही ठाऊक होतं. तरी मी फणकारले, "बाबा, दातातला तुमका काय कळता?"

ते आपल्या मूर्तीकडे गेले.

कॉलेज उघडलं, परीक्षा आली. वरची उजवी पहिली दाढ कोरायची होती. वर्षभराच्या सवयीने मी ती झपाझप कोरली आणि सगळ्यांच्या आधी उठले. परीक्षक मॅडमनी दाढ बोटांत फिरवली. "काम सुरेख आहे गं. पण ही डावी आहे."

वर्षभर ग्रुपवर मिरवलेली मी, माझं तोंड एवढंसं झालं. आता एक फेरपरीक्षा तेवढी उरली होती. घरी येऊन बाबांसमोर अक्षरशः रडले. "तुमचा खरा होता, बाबा. माझा चुकला."

वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी आपला पाट थोडा सरकवला.

"हय बस. बाजूक."

मी आणलेला प्लास्टरचा नमुना बघून त्यांनी शाडूची नारळाएवढी दाढ घडवायला घेतली. त्यांच्या उजव्या खांद्याशी बसून मी तीच मेणात कोरत होते. आठ दिवस हेच चाललं. चतुर्थी तोंडावर, भिंतीशी डोळे न रेखलेल्या मूर्तींची रांग, आणि हा माणूस माझ्यासाठी दाढ करत बसलेला! मला स्वतःची लाज वाटली, आणि त्यांच्यावर इतकी माया आली की सांगता येत नाही.

फेरपरीक्षेत मी नमुना समोर ठेवला नाही, बाजूला ठेवला. पास झाले, तेही झोकात.

आता कणकवलीत माझा दवाखाना आहे. सुट्टीच्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुलींना कोरीवकाम शिकवते, ऑनलाइनच, आणि ऑनलाइनच्या बाजूने आजही कुणाशीही भांडते. फक्त कॅमेरा समोर लावत नाही. माझ्या उजव्या खांद्याशी लावते, बाबांनी मला बसवलं होतं तिथे.