हर्रास, मेटलकोर आणि एक बसलेला आवाज

"ओरड," मी म्हटलं.

समोरच्या पोरानं वळून दाराकडे पाहिलं. दाराजवळच्या खुर्चीत त्याची आई पदर तोंडाला लावून बसली होती.

"इथंच, मॅडम?" फाटका पत्रा वाऱ्यानं हलावा तसा त्याचा आवाज.

"इथंच. स्टेजवर ओरडतोस तसं."

तो उभा राहिला, पाय फाकवले, श्वास घेतला आणि ओरडला. तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. खालचा टेलर हातातली कात्री न ठेवता वर धावत आला. समोरच्या मेडिकलवाल्यानं रस्त्यातूनच विचारलं, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

"ट्रीटमेंट चालू आहे," मी खिडकीतून सांगितलं. टेलर मात्र हलेना. त्याला पुढचं बघायचं होतं.

मी स्पीच थेरपिस्ट. गळ्यात काय बिघडलंय हे कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीतून बघतात. बिघडलेला आवाज वापरायचा कसा, हे मी शिकवते. खामगावात माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. नात म्हणते, आजी, आता बस झालं. मी आठवड्यातून तीनच दिवस बसते, आणि उरलेले चार दिवस नातीला सल्ले देते, म्हणून ती पुन्हा मला क्लिनिकला पाठवते.

पोराचं नाव संघपाल. खामगावजवळच्या खेड्यातला. त्याचे वडील गावोगाव भीमगीतं गायचे. त्यांच्या पहाडी आवाजाची माणसं अजून आठवण काढतात. वडील गेले, आवाज पोराकडे आला. पोरानं त्याचं काय करावं? चार मित्र जमवले आणि बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीच्या, गोदामात मेटलकोरचा बँड काढला. एका बाजेवर बसतील इतकेच जण, पण आवाज जिल्हाभर.

मेटलकोर म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. जड गिटारचं मेटल घ्यायचं, त्यात पंकवाल्यांचा धसमुसळेपणा मिसळायचा. मध्येच एखादा गोड गातो, की लगेच दुसरा ओरडतो. पुष्कळ संसार असेच चालतात.

अकोल्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. स्वरतंतूंवर नोड्यूल. बोलताना गळ्यातल्या दोन नाजूक पट्ट्या एकमेकींवर आपटत असतात. फार जोरानं, फार दिवस आपटल्या की त्यांवर घट्टे पडतात. कुदळीनं हाताला पडतात, तसेच. हा कॅन्सर नव्हे, हे मी त्याच्या आईला, लताबाईंना, परत परत सांगितलं. दर वेळी त्या "हाव", म्हणजे हो, म्हणायच्या आणि पुन्हा विचारायच्या.

डॉक्टर फोनवर म्हणाले होते, "मॅडम, त्याचं ते ओरडणं सोडवा. दोनेक महिन्यांत फरक पडला नाही तर ऑपरेशन करावं लागेल. आणि मग आवाज अगदी पूर्वीसारखा होईलच, असं मी लिहून देणार नाही."

दोन महिन्यांनीच पुण्याला त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम होता.

"गाणं पूर्ण बंद," मी म्हटलं. "कुजबुजायचंही नाही. कुजबुजण्यानंही गळा ताणला जातो. गरजेपुरतं बोलायचं, हळू."

पोरगं मुकाट्यानं मान हलवत होतं. इतकं शहाणं पेशंट मिळालं की खरं तर मी सावध व्हायला हवं. पण मी खूश झाले. तरुणपणी तर मी याहून खूश झाले असते. नागपूरची डिग्री घेऊन आले तेव्हा कडक इस्त्रीची साडी नेसून मी सगळ्यांना एकच औषध द्यायचे: मौन. एका एसटी कंडक्टरला मी महिनाभर मौन लिहून दिलं होतं. "मॅडम, तिकीट खुणेनं मागू काय?" त्यानं विचारलं. "सवय होईल," असं मी त्याला सांगितलं. गंभीर चेहऱ्यानं. कानशिलात मारावीशी बाई होते मी.

पुढच्या खेपेला आवाज होता तसाच. त्याच्या पुढच्या खेपेला थोडा आणखी खाली गेलेला. मी ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढत आवाज काढायला शिकवलं होतं. त्यानं तंतूंवरचा ताण उतरतो.

"करतोस ना रोज?"

त्यानं मान हलवली.

"हा करते, मॅडम," लताबाई म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ बुडबुड करते. शेजारीण इचारत होती, मासे पाळले काय म्हून."

"आणि गाणं?"

"एक शब्द नाही. माह्या गळ्याची आन. गोदामात जाते, पण कोपऱ्यात बसून ऐकते."

मग संघपालनं मोबाईलवर काहीतरी टाइप केलं आणि माझ्यापुढे धरलं. लिहिलं होतं: राहू द्या मॅडम. आम्ही अकोल्याचा दुसरा गायक पाहून ठेवला आहे.

"दुसरा? काऊन?" 'का'च्या जागी माझ्या तोंडून निघून गेलं. मी अशी वऱ्हाडीत घसरले की नात समजते, प्रकरण गंभीर आहे.

पोरगं आईकडे बघायला लागलं. लताबाईंनी सुस्कारा सोडून सुरुवात केली.

"मी सांगतो, मॅडम. याचा एक अमेरिकेतला बँड हाये. याच्या भिताडावर त्याईचाच फोटो. त्याईचं पुरं पुराण मले पाठ हाये, रोज ऐकून ऐकून. तिकडं एक थंडीचं गाव हाये. जोड्याचा कारखाना होता, तो बंद पडला. चार पोट्टे, एकाच शाळेतले. चर्चच्या तळघरात वाजवत. मंग एक जुनी गाडी घेतली न् गावोगाव हिंडले, झोपाले गाडीतच. पयला गाणारा लाल दाढीवाला. दोन कॅसेटी काढल्या त्याच्यासंगं..."

"आई, अल्बम," पोरगं खरखरलं.

"तू बोलू नको बे! दोन अल्बम. आन् मंग हिंडता हिंडता त्याचा आवाजच गेला. गेला म्हंजे गेला. मंग गिटारवालाच गायला काही दिवस, पण ते काही जमलं नाही. मंग दुसरा आणला, काडीसारखा वाळका. त्याच्यावर मात्र नाव झालं. पुढं ढब्ब ढब्ब वाजवणारा सोडून गेला. काऊन, तं त्याले लेकरू झालं. आता मले सांगा मॅडम, लेकरू झाल्यावर काम धरते का सोडते?"

"धरतात," मी म्हटलं.

"तेच तं! मंग भांडले, वेगवेगळे झाले, अन् चार-पाच वर्सानं पुन्हा एक झाले. आमच्या दिरा-जावांसारखंच हाये सगळं. फक्त लाल दाढीवाला काही पुन्हा उभा राह्यला नाही. हा म्हणते, पयल्या गाणाऱ्याचं असंच असते. तो बँड उभा करते आन् जाते."

तेव्हा कुठे मला कळलं की पोरगं इतकं शहाण्यासारखं का वागतंय. त्यानं त्या लाल दाढीवाल्याच्या जागी स्वतःला बसवून टाकलं होतं.

"बँडचं नाव काय?" मी विचारलं. त्यानं लिहून दाखवलं. ते मी इथं देत नाही. त्याचा मराठीत अर्थ सांगितला तर हे छापणारे मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

घरी जाऊन मी त्या बँडच्या इतिहासाची फिल्म शोधली. जेवणानंतर चष्मा लावून बसले. कुठल्याही पेशंटची आम्ही केस हिस्टरी घेतो, म्हणजे दुखण्याआधीचं सगळं विचारतो. लाल दाढीवाला काही माझा पेशंट नव्हता. पण हिस्टरी आयती समोर चालू होती.

स्टेजवर तो बरा ओरडत होता. माझे कान तयार आहेत. गळा ताणला की मला लगेच कळतं. त्याचा ताणलेला नव्हता. खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर आणखी दोन घड्या असतात. ही मुलं त्यांना फॉल्स कॉर्ड म्हणतात. शिकून केलं तर हे ओरडणं त्या वरच्या घड्यांतून निघतं, खालचे तंतू फारसे आपटत नाहीत. ह्याला ते जमत होतं.

मग फिल्ममध्ये कार्यक्रम संपल्यानंतरचं दाखवलं. बँडच्या टी-शर्टांचं टेबल लावलेलं. टेबलामागे हाच. पाठीमागे दुसरा बँड कानठळ्या बसवतोय आणि हा एकेका गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकून, तोंड वासून, साइज विचारतोय. तिथून गाडीत, इंजिनच्या आवाजावरून मित्रांशी गप्पा. आता दाढी पिकल्यावर तो स्वतःच सांगत होता, स्टेजवर आम्ही जेमतेम अर्धा तास असायचो, टेबलापाशी मात्र हॉल रिकामा होईपर्यंत.

नंतर तो वाळका गायक आला. कार्यक्रम संपला की हा मफलर गुंडाळून गप्प कोपऱ्यात. टेबलाला हातही लावायचा नाही. बाकीचे त्याला आळशी म्हणायचे. तो आळशी आजतागायत गातोय.

मी फिल्म थांबवली. पहिल्या दिवशी माझ्या क्लिनिकमध्ये संघपालची आरोळी खणखणीत आली होती आणि साधं "इथंच, मॅडम?" फाटलं होतं. उलट व्हायला हवं होतं. हे ऐकूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी त्या मोठ्या आवाजाकडेच बघत बसले.

तो काम काय करतो, हे मी विचारलं होतं. "यार्डात असतो," तो म्हणाला होता. मी मनातल्या मनात त्याला खुर्चीवर बसवून हातात पेन दिला होता. मीच.

सकाळी मी रिक्षा करून मार्केट यार्डात गेले. सोयाबीनचा हंगाम. ढिगाला लागून ढीग, आणि हवेत फोलकटाची धूळ इतकी की समोरचा माणूस पुसट दिसावा. हर्रास चालू होता. हर्रास म्हणजे मालाचा उघड लिलाव. एकेका ढिगाभोवती व्यापारी कोंडाळं करतात. बोली पुकारणारा माणूस मध्ये उभा राहून भाव चढवत नेतो, भाव तुटला, म्हणजे ठरला, की पुढच्या ढिगावर. सगळ्यांना एकाच वेळी ऐकू गेलं पाहिजे, नाहीतर भांडण.

मध्ये उभा होता आमचा संघपाल. मानेच्या शिरा टरारलेल्या, आवाजाच्या चिंध्या झालेल्या, आणि पुकारा चालू. सकाळपासून.

मला पाहिल्यावर तो जागच्या जागी गार.

"हे काय?" मी म्हटलं.

"मॅडम..."

"मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही गाणं बंद म्हटलं होतं मॅडम. गाणं बंदच हाये. हे तं काम हाये."

 त्यानं माझं शब्दशः ऐकलं होतं.

त्याचे मालक, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणारे अडते, गोपालशेठ, तेवढ्यात पोटावर हात फिरवत आले. मी त्यांना घट्टे समजावले, ऑपरेशन समजावलं. मग म्हटलं, "याच्या गळ्यात छोटा माईक अडकवायचा आणि कमरेला स्पीकर. गाईड लोक लावतात तो."

"हर्रासात माईक?" शेठ हसले. "मॅडम, व्यापाऱ्याले वाटन भाजीवाल्याची गाडी आली. आलू घ्या, कांदा घ्या. बोलीले दम पाह्यजे. याचा आवाज म्हंजे आपल्या दुकानाची शान हाये."

"त्या शानीचं ऑपरेशन झालं तर हंगामात पुकारणार कोण? तुम्ही?"

शेठनी खाकरून पाहिलं. ते सकाळपासून चार वाक्यं बोलले असतील, तरी तेवढ्यानं खोकला आला.

"आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवसात लोक हसले तं बंद."

"हसले तर तुम्हीही हसा. पण माईक काढायचा नाही."

लोक हसले, अर्थात. पहिल्या दिवशी एक व्यापारी खरंच "वांगे काय भाव?" म्हणून ओरडला. पण मागच्या रांगेतल्या व्यापाऱ्यांनाही बोली पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आली आणि कुरबूर थांबली. तिसऱ्या दिवशी शेठनी माईक स्वतः मागून घेतला आणि "तो ट्रॅक्टर कोनाचा हाये, बाजूले घ्या" असं साऱ्या यार्डाला ऐकवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते पाहून संघपालनं मला मेसेज केला: आता माईक जात नाही.

धुळीसाठी नाकातोंडावर ओला रुमाल, दर ढिगानंतर पाण्याचा घोट, बुडबुडे चालूच. दोन आठवड्यांनी मी त्याला पुन्हा थोडं थोडं गाऊ दिलं. आधी वॉर्मअप, मग ओरडणं, आणि ओरडून झालं की गप्प. गोदामात एकदा स्वतः जाऊन बसले. कापसाच्या गावात कानात घालायला काही कमी नाही. दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून मी तासभर ऐकलं. त्याचा गळा एकदाही ताणला नाही. माझं डोकं मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुखत होतं.

दोन महिने भरले तेव्हा आम्ही तिघं अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी दुर्बीण घातली, स्क्रीन आमच्याकडे वळवला. लताबाईंनी डोळे मिटून घेतले. मी चष्मा काढून पुसला, खरं तर तो स्वच्छच होता.

डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"एक बाजू साफ आहे," ते म्हणाले. "दुसरीकडे जरासं उरलंय, तेही जाईल. ऑपरेशन नको."

"म्हंजे कापायचं नाही?" लताबाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

"काही कापायचं नाही."

"आन् गाणं?"

"गाऊ द्या. ओरडणं सोडवलंत म्हणून वाचला, मॅडम," डॉक्टर मला म्हणाले.

"सोडवलं की. यार्डातलं," मी म्हटलं. मग त्यांना सगळं सांगितलं. ते हसले, आणि पेशंटच्या कागदावर कामाचा रकाना नीट भरायला त्यांनी तिथल्या तिथं नर्सला सांगितलं. भला माणूस.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना लताबाई थांबल्या. इतके दिवस पोराच्या तोंडावर बोट ठेवून त्यांचाच जीव घुसमटला होता.

"आता बोल बापा काहीतरी," त्या म्हणाल्या.

संघपालनं घसा साफ केला नाही. तशी गरज पडली नाही. "आई, भूक लागली," तो म्हणाला. तिन्ही शब्द सरळ, गोल, कुठेही न फाटता आले. लताबाई तिथंच पायरीवर बसून रडल्या. मग उठल्या आणि आधी कचोरी कुठं मिळते ते विचारायला लागल्या.

पुण्याला तोच गायला. अकोल्याच्या दुसऱ्या गायकाला त्यांनी नम्रपणे नाही कळवलं.

माझ्या धंद्यातल्या नव्या मुलींना मी आता एवढंच सांगते. आवाज बसलेला माणूस आला की तो काय गातो ते मागाहून विचारा, आधी त्याचं पोट कशावर चालतं ते विचारा. आणि उत्तरात नुसतं ठिकाण सांगितलं, तर रिक्षा करून तिथं जा. रिक्षाचं भाडं पेशंटकडून घेऊ नका, पण घरी कुणाला सांगूही नका.